अकरावीचे विषय : पेरणीआधी कापणीचा विचार

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी))



एरवी या वेळेला मी तुमच्याशी बियाण्याची उगवण, हुमणी, खताच्या मात्रा अशा गोष्टींवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो घरातलाच आहे. दहावीचा निकाल लागतो त्या सुमारास आपली खरिपाची तयारी चाललेली असते. नांगरट झालेली असते, शेणखत पसरायचं राहिलेलं असतं, बियाण्यासाठी दुकानाच्या चकरा चालू असतात. त्याच गडबडीत घरातल्या पोराचा किंवा पोरीचा अकरावीचा अर्ज भरायचा असतो.

कपाशीचं कोणतं वाण घ्यायचं हे ठरवताना आपण चार जणांना विचारतो. शेजाऱ्याचं रान बघून येतो. जमीन हलकी की भारी, पाणी शेवटपर्यंत पुरेल का, याचा हिशेब करतो. आणि पोरांचे विषय? ते पारावर दहा मिनिटांत ठरतात. "पाटलाचा पोरगा सायन्सला गेला, आपलाही जाऊ दे." नाहीतर, "पोरीची जात, जवळच्या कॉलेजात आर्ट्सला टाका, म्हणजे झालं." बंधूंनो, वाण चुकलं तर एक हंगाम जातो. विषय चुकले तर पोराची दोन-तीन वर्षं जातात, आणि काही वाटा कायमच्या बंद होतात. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी शेतकऱ्याचाच मुलगा. दहावीला गणितात मार्क बरे पडले होते. पुढं शेतकीचं शिक्षण घ्यायचं एवढं मनात पक्कं होतं. आमच्या नात्यातल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, "शेतकीला जायचंय ना? मग गणित कशाला घेतोस? जीवशास्त्र पुरे. गणितानं टक्का खाली येतो." वडिलांना ते पटलं, मलाही पटलं. गणित सोडलं आणि त्याच्या जागी भूगोल घेतला.

आता त्यांचं सांगणं खोटं होतं का? नव्हतं. बी.एस्सी. कृषीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक असलं तरी चालतं. पण बारावीच्या वर्षी आमच्या रानात ठिबक बसवलं. तो बसवणारा तंत्रज्ञ मोटरीचं पाणी मोजत होता, पाइपाचा व्यास ठरवत होता, रानाचा चढ-उतार बघून नळ्यांची मांडणी करत होता. मी दिवसभर त्याच्या मागं मागं फिरलो. मग कळलं की या कामाचं वेगळं शिक्षण असतं. त्याला कृषी अभियांत्रिकी म्हणतात, त्याची बी.टेक. पदवी राहुरीच्या विद्यापीठात मिळते. पाणी, यंत्रं, अवजारं, पाणलोट, सगळं त्यात येतं. मी माहितीपत्रक मिळवलं. त्यात अट लिहिलेली होती : बारावीला भौतिक, रसायन आणि गणित. माझ्याकडं गणित नव्हतं.

मी बी.एस्सी. कृषी केलं. आज तुमच्यात काम करतो, समाधानी आहे. पण एक गोष्ट अजून टोचते. ती वाट मी बघून, विचार करून सोडली असती तर काही वाटलं नसतं. ती वाट आहे हेच मला माहीत नव्हतं. मी न बघताच दार लावून घेतलं होतं.

तेव्हा आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे : विषय सोडायचा असेल तर सोडा, पण त्याच्याबरोबर कोणतं दार बंद होतंय ते आधी बघा आणि मगच सोडा.

कापणीकडून पेरणीकडे

आपण उसाची लागण करतो तेव्हा तोडणी कधी येईल, कारखाना कोणता, पाणी किती दिवस लागेल हे आधी बघतो. विषयांचंही तसंच करावं. आधी पोराला पुढं काय व्हावंसं वाटतं ते बघा, त्या शिक्षणाला बारावीला कोणते विषय लागतात ते बघा, आणि तिथून मागं येत अकरावीचा अर्ज भरा. सायन्सला इंग्रजी, एक दुसरी भाषा आणि चार ऐच्छिक विषय अशी साधारण मांडणी असते. मुख्य वाटा अशा आहेत :

१) बी.एस्सी. (कृषी) : भौतिक, रसायन आणि त्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र. प्रवेशासाठी राज्याची सीईटी परीक्षा द्यावी लागते. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत.

२) बी.टेक. (कृषी अभियांत्रिकी) : भौतिक, रसायन, गणित. इथं गणिताला पर्याय नाही.

३) दुग्ध तंत्रज्ञान, म्हणजे दूध डेअरीच्या कारखान्यातलं तंत्र : यालाही गणित लागतं. पुष्कळांना वाटतं की दुधाचा धंदा म्हणजे जीवशास्त्र. तसं नाही. तिथं यंत्रं आहेत, शीतकरण आहे, प्रक्रिया आहे.

४) जनावरांचे डॉक्टर : भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. माणसांच्या डॉक्टरकीलाही हीच परीक्षा. नीट मराठीतूनही देता येते. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, हे मात्र ध्यानात ठेवा.

५) औषधनिर्माणशास्त्र, म्हणजे फार्मसी : भौतिक, रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्र.

६) इतर इंजिनिअरिंग : भौतिक आणि गणित हवेच. दहावीनंतर सरळ पॉलिटेक्निकची पदविका करूनही पुढं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ती वाट खेड्यातल्या पोरांना सोयीची पडते.

७) सैन्यात अधिकारी : एन.डी.ए.मध्ये भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. हवाई दल आणि नौदलाला मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागतं. २०२२ पासून तिथं मुलींनाही प्रवेश आहे.

८) स्पर्धा परीक्षा, कायदा, सी.ए. : तहसीलदार, उपजिल्हाधिकारी या पदांच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बारावीनंतरचा वकिलीचा ५ वर्षांचा अभ्यासक्रम आणि सी.ए. यांनाही शाखेचं बंधन नाही.

याशिवाय दहावीनंतर थेट कृषी पदविका आहे, आय.टी.आय. आहे. काही कॉलेजांत सायन्सबरोबर पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, इलेक्ट्रॉनिक्स असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय घेता येतात. पण द्विलक्षी विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय कमी होतो. तो कमी होणारा विषय कोणता, हे अर्ज भरण्याआधी विचारा.

ही यादी बघितलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय ज्यानं ठेवले, त्याच्या बहुतेक वाटा बारावीपर्यंत मोकळ्या राहतात. आपण कपाशीत तुरीच्या ओळी टाकतो त्याचं कारण हेच. एकावर संकट आलं तर दुसरं हाताशी राहावं.

"शेतीला गणित कशाला?"

हे वाक्य मी गावोगाव ऐकतो. त्यावर दोन हिशेब सांगतो.

पहिला युरियाचा. आपली युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे एका गोणीत नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास. माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे पिकाला ५० किलो नत्र द्यायचं असेल तर युरिया साधारण १०९ किलो लागेल, म्हणजे अडीच गोण्यांहून थोडा कमी. आपल्यातले किती जण हा हिशेब करतात? दुकानदार म्हणाला तीन गोण्या टाका, की आपण तीन टाकतो.

दुसरा ठिबकचा. एक एकर म्हणजे सुमारे ४ हजार चौरस मीटर. नळ्यांमध्ये दीड मीटर अंतर ठेवलं तर नळी लागेल सुमारे २,६६७ मीटर. दर अर्ध्या मीटरला एक ड्रिपर, म्हणजे ड्रिपर झाले ५,३०० च्या वर. एक ड्रिपर ताशी ४ लिटर पाणी देतो, तर एकराला ताशी २१ हजार लिटर पाणी लागेल. तुमची मोटर ताशी १५ हजार लिटरच पाणी देत असेल, तर एकराचे दोन भाग करून आळीपाळीनं पाणी द्यायला पाहिजे. हा हिशेब न करता पूर्ण एकराला एकदम पाणी सोडलं, की शेवटची रोपं सुकतात आणि आपण म्हणतो ठिबक खराब निघालं.

रसायनशास्त्राचं म्हणाल तर, खताच्या आणि कीटकनाशकाच्या दुकानाच्या नव्या परवान्यालाही आता शिक्षणाची अट आहे. कृषी किंवा रसायनशास्त्राचं शिक्षण विचारतात. म्हणजे ज्या दुकानापुढं आपण रांग लावतो, ते दुकान काढायलासुद्धा अकरावीपासूनचे विषय बघावे लागतात.

एका घरातली गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो होतो. कांदा चाळीत भरणं चालू होतं. माती परीक्षणाचा अहवाल समजावून द्यायचा होता. मी कागद काढला तर त्यांची मुलगी पुढं आली आणि म्हणाली, "साहेब, सामू ८.३ आहे. म्हणजे जमीन विम्लधर्मी झालीय ना? लोह आणि जस्त म्हणूनच पिकाला मिळत नसेल." मी बघतच राहिलो. दहावीची परीक्षा दिलेली पोर.

मी विचारलं, "पुढं काय करायचं?" ती वडिलांकडं बघून गप्प झाली. वडील म्हणाले, "साहेब, आर्ट्सला टाकतोय. गावाजवळ कॉलेज आहे, चालत जाईल. सायन्सला तालुक्याला जावं लागतं. रोजचं यष्टीचं भाडं, वर क्लास, आणि पोरीची जात. दोन वर्षांनी लग्नच करायचंय."

मी निघालो तशी पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, जनावरांच्या डॉक्टरला कोणते विषय लागतात?" मागल्या साली त्यांची गाय वितानाच अडली होती. डॉक्टर यायला रात्र झाली, आणि तोवर गाय गेली. ते तिच्या मनात घर करून बसलं होतं.

मी परत आत गेलो आणि तिच्या वडिलांजवळ बसलो. म्हटलं, "अण्णा, एसटीच्या भाड्याची काळजी सोडा. बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे. क्लासचं नंतर बघू. तिनं आर्ट्स मनापासून घेतलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण आर्ट्स घेतलं की जनावरांच्या डॉक्टरचं दार बंद, हे तुम्हाला ठाऊक होतं का?" ते म्हणाले, "नव्हतं." बराच वेळ चाळीकडं बघत बसले. मग म्हणाले, "तिच्या आईला विचारतो."

ती सायन्सला गेली. चारही विषय ठेवले. पहिली सहामाही जड गेली. मराठी शाळेतली पोर, पुस्तकं इंग्रजीत. भौतिकशास्त्रात कशीबशी पास झाली, आणि वडील मला म्हणाले, "साहेब, झेपत नाही वाटतं." मी सांगितलं, लावलेलं रोप पहिले आठ-दहा दिवस मलूल दिसतं, म्हणून कोणी उपटून टाकत नाही. भाषा बदलली की प्रत्येक पोराला तो काळ जातो. दुसऱ्या सहामाहीत ती सावरली. पुढं नीटला तिला किती गुण पडतील ते मी सांगू शकत नाही, ती सांगू शकत नाही. नाही जमलं तर बी.एस्सी. कृषी आहे. गणित ठेवलंय म्हणून दुग्ध तंत्रज्ञानही आहे. तिच्यापुढं तीन-चार वाटा उभ्या आहेत, आणि त्यातली कुठली धरायची ते ती बघून ठरवणार आहे.

दुसरी बाजू

पण बंधूंनो, याचा अर्थ प्रत्येकाला सायन्सलाच घाला असा नाही. चुनखडीच्या रानात संत्रा लावायचा हट्ट धरून चालत नाही. ज्या पोराला गणिताची धास्ती आहे, ज्याचं मन इतिहासात, भाषेत रमतं, त्याला शेजाऱ्याच्या ईर्ष्येनं सायन्सला ढकलू नका. दोन वर्षं तो कुढतो, नापास होतो, आणि मग घरात तोंड लपवून बसतो. कॉमर्स शिकलेल्या पोराला आज शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या हिशेबाचं काम मिळू शकतं. आर्ट्सची पोरं अधिकारी होतात, वकील होतात. हलकी शाखा कोणतीच नसते. न विचारता घेतली की ती जड होते.

आणखी एक. मोठ्या शहरातल्या क्लासची फी भरायला जमीन गहाण टाकू नका. कॉलेज निवडताना जाहिरातीकडं बघू नका, स्वतः जाऊन बघा. प्रयोगशाळा उघडी असते का? गणित आणि जीवशास्त्र, दोन्हीला शिक्षक आहेत का? वर्ग रोज भरतात का? तिथल्या बारावीच्या दोन पोरांना विचारा, ते खरं सांगतात.

अर्ज भरण्यापूर्वी

१) पोराला किंवा पोरीला जवळ बसवून विचारा. रागावून नाही, शेतावर काम करता करता विचारा. कशात मन लागतं, कशाचा कंटाळा येतो, ते त्यालाच ठाऊक असतं.

२) मनात असलेल्या दोन-तीन वाटांची त्या वर्षीची माहितीपत्रकं मिळवा आणि विषयांची अट वाचा. नियम बदलत असतात. मागल्या सालच्या माहितीवर किंवा माझ्यासुद्धा बोलण्यावर विसंबू नका, छापील कागद बघा.

३) २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्ज कोणी दुसरा भरून देत असेल तर शेजारी बसा आणि कॉलेज, शाखा यांचा क्रम स्वतः वाचून घ्या. प्रवेश मिळाल्यावर कॉलेजात विषय लिहून देताना घरातलं कोणीतरी बरोबर असावं.

४) एखादा विषय सोडायचा असेल तर एका कागदावर लिहा : "हा विषय सोडला तर कोणतं शिक्षण घेता येणार नाही." घरातल्या सगळ्यांनी तो कागद वाचावा. एवढं करूनही सोडायचं ठरलं, तर खुशाल सोडा.

५) जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रं बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करा. कृषीच्या प्रवेशासाठी सातबाराही जपून ठेवा.

६) मुलींच्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं निर्णय केला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला पाहिजे. त्यात कृषी आणि पशुवैद्यकाचे अभ्यासक्रमही येतात. तेव्हा "पोरीच्या फीला पैसे कुठून आणू" म्हणून अकरावीलाच माघार घेऊ नका.

७) चूक झालीच असेल तर? बारावी पास झाल्यावर राहिलेल्या एखाद्या विषयाची परीक्षा बोर्डाकडं स्वतंत्रपणे देता येते. प्रत्येक अभ्यासक्रमाला ती चालेलच असं नाही, आणि एक वर्ष खर्ची पडतं. पण विचारायला काय हरकत आहे? माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मंडळी, जमीन आपण पोरांच्या नावावर करतो तेव्हा तलाठ्याकडं दहा खेपा घालतो, कागद चारदा वाचतो. विषयांचा अर्जही तसाच आहे. तो त्यांच्या पुढच्या आयुष्याचा सातबारा आहे. त्यावर सही करण्याआधी एक संध्याकाळ घरी सगळे मिळून बसा. आणि काही अडलं तर आठवड्याच्या बाजारादिवशी मी पंचायत समितीत असतो. खताच्या प्रश्नाबरोबर हाही प्रश्न घेऊन या. विचारायला संकोच करू नका.